काका, टेकडी आणि गिअर

ऑफिसात सायकलचा विषय निघाला की गाडी लगेच गिअर, सस्पेन्शन आणि किमतीवर घसरते. पुण्यात वेताळ टेकडीवर मात्र रविवारी सकाळी साठी ओलांडलेले एक काका दिसतात. साधी, जुनी एमटीबी. चढ फारच उभा आला की सरळ उतरून ढकलतात, फिरायला आलेली माणसं दिसली की ब्रेक दाबतात. घाई नाही, टायमिंग नाही. माझ्या मते हाच खरा माउंटन बायकर!

नाहीतरी हा खेळ सुरू कसा झाला? १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सजवळ काही पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून हाणत खाली आणायची. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं, ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नावच पडलं 'रीपॅक'. थोडक्यात काय, डोंगर आधी. भारी सायकल नंतर.

म्हणूनच २०२३ मध्ये या टेकडीतून जाणाऱ्या प्रस्तावित रस्त्याला आणि बोगद्यांना विरोध करायला पुणेकर उतरले, ते मला पटलं. सायकल काय हो, ईएमआयवर मिळते. टेकडी गेली, तर साठीत आपण जाणार कुठे? जिममध्ये?