टनांचा गर्व आणि चिमूटभर प्रथिन

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचे गुणगान करणारे लोक मला नेहमी टनांतच बोलताना आढळतात. अमुक रसायन इतके टन, तमुक रंगद्रव्य इतके टन! लक्ष्मीपूजनाच्या वह्यांत हे आकडे शोभून दिसतात, नाही असे नाही. पण ह्या टनांच्या सांडपाण्याची तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागली, ही नोंद कोणी वहीत करीत नाही. मी ह्याच मुलखाचा रहिवासी; म्हणून स्पष्टच सांगतो. टनांची ही भक्ती आता पुरे झाली. आपण मायक्रोग्रॅमकडे वळले पाहिजे.

मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. प्रयोगशाळांसाठी परदेशांतून येणाऱ्या मानवी प्रथिनांच्या कुप्यांत असे शंभरेक मायक्रोग्रॅम असतात आणि त्यांची किंमत हजारोंनी मोजावी लागते. ह्या भावापुढे सोने म्हणजे भुसाच!

असे एक प्रथिन म्हणजे सीडी-४४. पेशीच्या पातळ स्निग्ध पटलात ते खुंटीसारखे रोवलेले असते. थोडे आत, थोडे पटलात आणि बरेचसे बाहेर. त्याच्याशी आपला घरोबा आहे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. १९७३ साली मुंबईत बडाकेरे, जोशी, भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लोकांच्या रक्तात एक नवी खूण शोधली. (हेच भाटिया १९५२ साली डॉ. भेंडे यांच्याबरोबर ‘बॉम्बे’ रक्तगटाच्या शोधात होते.) जगाने ह्या नव्या गटाला ‘इंडियन’ असेच नाव दिले. ती खूण सीडी-४४ वरच असते, हे पुढे कळले. प्रथिनाच्या साखळीत छेचाळिसाव्या जागी बहुतेकांच्या ठायी आर्जिनिन असते, काहींच्या ठायी प्रोलिन. फरक एवढाच.

पण एवढ्याशा फरकावर माणसाचा जीव टांगला जाऊ शकतो. आईबाप दोघांकडूनही विरळा नमुना आलेल्या एखाद्या बाईच्या रक्तात, बाळंतपणामुळे किंवा पूर्वी रक्त चढवल्यामुळे, नेहमीच्या नमुन्याविरुद्ध प्रतिपिंड तयार होतात. मग रक्तपेढीतली जवळजवळ प्रत्येक पिशवी तिच्या रक्ताशी न जुळणारी ठरते. त्यातून ह्या प्रतिपिंडांच्या आड दुसरेही घातक प्रतिपिंड दडलेले असू शकतात. तिच्या रक्तद्रवात शुद्ध सीडी-४४ मिसळले, की ते पहिल्यांना धरून ठेवते आणि मागचे उघडे पडतात. त्या कुपीचे मोल हे असे आहे.

ओळखीच्या एका कारखानदारांपुढे मी हा विषय काढला. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, ‘‘महिन्याला किती टन?’’ मी माप सांगितले. ते हसून म्हणाले, ‘‘अहो, ही तर वैद्याची पुडी! तेवढ्यासाठी कारखाना काय काढायचा? मागवा बाहेरून.’’

हेच उत्तर हेपटायटिस-बीच्या लशीलाही लागू होते. तीही महागडी आणि बाहेरूनच येणारी होती. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली ती पुनर्संयोजित जनुकाच्या मार्गाने इथेच तयार केली, आणि किंमत खाली आली. मागवण्याचा सल्ला ऐकून ते गप्प बसले असते तर?

कारखानदारांच्या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही, असे मी म्हणत नाही. हे काम अवघडच आहे. जिवाणूच्या पोटात मानवी जनुक घालून भागत नाही. सीडी-४४ वर साखरेच्या ज्या साखळ्या चढतात, त्या चढवणे साध्या जिवाणूला जमत नाही. त्यासाठी मानवी पेशी वाढवतात. लायडेन येथे मूत्रपिंडाच्या पेशींपासून निघालेला २९३ क्रमांकाचा वंश त्यासाठी जगभर वापरतात, आणि तोही १९७३ चाच! पटलात रुतणारा भाग पाण्यात गोळा होऊन बसतो, म्हणून तो वगळून बाहेरचाच भाग बनवतात. त्याला सहा हिस्टिडिनांचे शेपूट लावतात. निकेलच्या कणांवर ते शेपूट अडकते आणि बाकीचा गाळ वाहून जातो. मग प्रत्येक घाण्याची परीक्षा : प्रथिन नुसते तयार झाले, की खरोखर आपले प्रतिपिंड धरते? इथे घाई उपयोगाची नाही. घाईची सवय तर आपल्या वसाहतीच्या हाडीमासी खिळलेली.

पण माणसे कुठून आणायची, हा प्रश्न मला कोणी विचारू नये. पालघरच्या सोनोपंत दांडेकर महाविद्यालयातून मुलेमुली विज्ञानाच्या पदव्या घेऊन बाहेर पडतात. त्यांनी द्रावकांची पिंपे मोजण्यातच जन्म काढावा, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

जैवतंत्रज्ञानाच्या नावाने भूखंड, कोनशिला आणि पुढाऱ्यांची भाषणे मला नको आहेत. मला एक स्वच्छ गाळा हवा, पेशी वाढवण्याच्या उबवण्या हव्यात, उणे ऐंशी अंशांची शीतपेटी आणि तिला अखंड वीज हवी. पेशींचे सांडपाणीही निर्जंतुक केल्याखेरीज बाहेर सोडता कामा नये. पहिली कुपी सीडी-४४ चीच निघावी, हा माझा हट्ट. ती तपासायला परळच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेकडे द्यावी. बोईसरहून बर्फाच्या पेटीत घालून नेली, तर दुपारच्या आत पोहोचेल.