सायकल चालवा, मन हलके ठेवा



तूर घरात आली, हरभरा निघाला की आपल्या खारपाणपट्ट्यातले वावर मोकळे होते. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचे पाणी खारे, त्यामुळे विहीर असूनही ओलिताचा भरवसा नाही. होळीपासून मृगापर्यंत दर्यापूर तालुक्यातल्या पुष्कळ घरांत हाताला काम कमी आणि डोक्यात हिशेब जास्त. सोसायटीचे कर्ज, कापसाचा भाव, मुलीचे लग्न. दिवसा पारावर बसावे, रात्री आढ्याकडे पाहत कूस बदलावी. या दिवसांसाठी आज बियाणे-खत बाजूला ठेवून एक जुने, स्वस्त अवजार सुचवतो. कोपऱ्यात धूळ खात पडलेली सायकल बाहेर काढा.

"साहेब, आम्ही काय कमी राबतो? वर आणखी सायकल कशाला?" असे तुम्ही म्हणाल. राबता हे खरे. पण ज्या वावराची काळजी, त्याच वावरात राबून ती काळजी सुटत नाही. हात कपाशी निंदतात आणि डोळे बोंडअळी शोधतात. सायकलवर पाय एका लयीत फिरतात, तोल सांभाळावा लागतो, खड्डा चुकवावा लागतो. मनाला तेवढा वेळ दुसरे काम मिळते. श्वास खोल होतो, अंग दमते, रात्री झोप बरी लागते. नियमित व्यायामाने उदासी आणि चिंता कमी होण्यास मदत होते, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली मोठ्या माणसांना आठवड्याला निदान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढाच हिशेब.

मी दांड्याखालून पाय घालून, कैची मारत सायकल शिकलो, तीही तासाने भाड्याने आणलेली. पुढे नोकरीत मोटारसायकल आली तरी सायकल सुटली नाही. एक फरक मात्र पक्का ध्यानात आला. मोटारसायकलवरचा साहेब धूळ उडवून निघून जातो, सायकलवाल्याला बांधावरून हाक येते. "या, चहा घेऊन जा." माणूस मनाने खचतो तेव्हा आधी बोलणे बंद करतो. अशा वेळी ही हाक फार मोलाची असते.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सुमारे 4,800 किलोमीटर, बारा दिवसांच्या आत सायकलने ओलांडली. त्याआधी 2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी तीच शर्यत जोडीने पुरी केली. तिघेही डॉक्टर, हे लक्षात घ्या! आपल्याला अमेरिका ओलांडायची नाही. लासूरच्या आनंदेश्वराचे काळ्या दगडाचे देऊळ पाहून आलात तरी पुष्कळ झाले.

भगिनींबद्दल स्पष्टच सांगतो. शाळेत जाणारी मुलगी सायकल चालवते तेव्हा घराला कौतुक असते. लग्न झाले की तीच सायकल दिराकडे जाते. हे बरे नव्हे. घरात कोंडलेल्या मनाला मोकळा वारा पुरुषापेक्षा जास्तच लागतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास जातो, म्हणून फटफटताच निघा आणि ऊन तापण्याआधी परत या. सीटची उंची अशी ठेवा की पायडल तळाला असताना त्यावर टाच टेकली तर गुडघा सरळ होईल. सीट खाली असली की गुडघे दुखतात आणि दोष सायकलला मिळतो. साखळीला तेल द्या, मागे लाल रिफ्लेक्टर लावा. धुऱ्याने जाल तर सराटे आणि बाभळीचा काटा पंक्चर करणारच. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर सायकल नेऊच नका. मडगार्डमध्ये चिखल भरला की तुम्ही सायकलवर नसता, सायकल तुमच्या खांद्यावर असते.

गुडघ्याचे किंवा छातीचे जुने दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि घरातला माणूस दोन आठवड्यांहून जास्त गप्प असेल, जेवणावरून मन उडाले असेल, जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलत असेल, तर नुसत्या सायकलवर विसंबू नका. त्याला एकटे सोडू नका, सरकारी दवाखान्यात न्या. 2022 साली सुरू झालेल्या 'टेलिमानस' सेवेचा क्रमांक 14416 आहे. फोन फुकट लागतो, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.