घर विकावे कोणत्या महिन्यात?

पितृपक्षात घर दाखवू नये, अधिकात सौदा करू नये आणि पौषात नव्या घरी राहायला जाऊ नये! वाचकहो, आपल्या पंचांगाने घर विकणाऱ्याला वर्षातले दिवस असे मोजूनच दिलेले आहेत. आषाढ-श्रावणात पावसाने कोणी फिरकत नाही. उरतो तो दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ. जाणती माणसे घर विकायला हाच हंगाम धरतात. 2020 साली आम्हीही धरला.

आमचे घर भवानीनगरचे. इंदापूर तालुक्यातले हे गाव श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचे गाव म्हणून ओळखले जाते. वडील तिथे शेतकी खात्यात कारकून होते. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी तीन खोल्या बांधल्या, पुढे ओटा केला, मागे शेवगा लावला. आईवडील गेल्यावर घराला जे कुलूप लागले ते लागलेच. मी पुण्यात, आक्का बारामतीत. कुलूपबंद घर उभे दिसते खरे, पण आतून ते रोज थोडेथोडे पडत असते.

त्या वर्षी सरकारने 1 सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्कात 3 टक्क्यांची सूट दिली होती, तीही 31 डिसेंबरपर्यंतच. पुढे मार्चअखेर ती 2 टक्के व्हायची होती. बारा लाखांच्या घराला 3 टक्के म्हणजे छत्तीस हजार रुपये. एवढ्यात घेणाऱ्याचे सामान हलून वर घरभरणीचे जेवण निघते! पण सूट सुरू झाली तीच पितृपक्षाच्या तोंडावर, आणि त्याला लागूनच अधिक आश्विन आला. 16 ऑक्टोबरपर्यंत गिऱ्हाईक म्हणून दारी उभे राहिले नाही. मधल्या काळात 14 तारखेला इंदापूर-बारामती भागात जो पाऊस कोसळला, तो तिकडची माणसे अजून विसरलेली नाहीत. ओढे रस्त्यांवरून वाहिले, उभी पिके आडवी झाली. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला कमरेएवढी ओल चढली.

ही ओल आम्हाला नवी नव्हती. नीरेचा डावा कालवा 1880 च्या दशकापासून या मुलखात पाणी खेळवतो आहे. त्याने उसाला जीव दिला, तशी सखल जागांना ओलही दिली. वडील दरसाल दसऱ्याला त्या भिंतीला चुना मारीत आणि आषाढात पुन्हा तिच्याकडे पाहून उसासा टाकीत.

मीही दसऱ्यानंतर रंगारी लावला. दोन हात रंग बसला, आठ दिवस कोरडे ऊन पडले आणि घर असे दिसू लागले की मलाच ते विकत घ्यावेसे वाटले. थंडीत घर विकायचे खरे मर्म हेच आहे, वाचकहो. पावसाळ्याची सगळी पापे त्या चार महिन्यांत झाकली जातात. तेव्हा विकत घेणाऱ्याने रंगावर जाऊ नये. भिंतीतले कपाट उघडून आत वास घ्यावा. कपाटाला रंग द्यायला सहसा कोणी जात नाही.

गिऱ्हाईक मिळाले ते जवळच्या वस्तीवरचे, चार एकर उसाचे धनी. मुलांच्या शाळेसाठी त्यांना गावात घर हवे होते. साडेबारा लाख ठरले. विसार धनत्रयोदशीला, बाकी ऊस गेल्यावर. शहरातल्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल, पण या भागात घराची किंमत पगारावर ठरत नाही, उसाच्या बिलावर ठरते. दिवाळीच्या सुमारास तोडणी टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात, गाळप सुरू होते. ऊस घातल्यावर 14 दिवसांत बिल द्यावे असा 1966 चा ऊस नियंत्रण आदेश आहे. मुरलेला शेतकरी मात्र हिशेब धरताना दुप्पट दिवस धरतो.

विसार मी बँकेतून घेतला. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास 2015 पासून मनाई आहे, हे पुष्कळांना अजून ठाऊक नसते. कागदांचेही तसेच. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा म्हणजे घरपट्टीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. सुदैवाने वडिलांचे खरेदीखत ट्रंकेत निघाले. सही माझ्याइतकीच आक्काचीही लागणार होती. "ती कशाला नाही म्हणेल?" असे मी सौ.ला म्हणालो होतो.

आक्का आली, घर पाहिले, आणि पाहुण्यांसमोर त्या भिंतीवर तळवा टेकून म्हणाली, "ही भिंत पावसाळ्यात ओली होते हो. कमरेएवढी. दादांनी रंग दिलाय म्हणून दिसत नाही."

माझे कान तापले. पाहुणे भिंतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आक्का, आवंदा कुणाची भिंत कोरडी राहिलीया? पर सांगितलंत ते बरं झालं." आणि पन्नास हजार कमी केले! परतीच्या वाटेवर मी आक्काशी बोललो नाही. एवढेच म्हणालो, "दोघांचे पंचवीस-पंचवीस गेले." ती म्हणाली, "माझे गेले ते मला चालतील. तुझे हवे तर माझ्यातून घे."

बिल डिसेंबरात आले नाही. पण मुद्रांक भरून 31 तारखेच्या आत खतावर सह्या केल्या, तर नोंदणी पुढल्या 4 महिन्यांत करता येत होती. आम्ही तेच केले आणि पैसे येईपर्यंत खत आक्काच्या कपाटात ठेवले. ते तिच्याकडेच असावे, असे पाहुण्यांनी आपण होऊन सुचवले होते. पौष लागायच्या आत, संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, तोंडाला मुसकी बांधून आम्ही नोंदणी उरकली. पैसे पूर्ण आले होते. माघात ते राहायला गेले.

पुढल्या आषाढात त्यांचा फोन आला. बाहेर पाऊस लागला होता. मी मनाची तयारी करून बोललो.

"साहेब, भिंत वली झाली."

"किती?"

"आक्कांनी हात ठिवला हुता तितपतच," ते म्हणाले. "त्यांस्नी सांगा, शेवग्याला शेंगा लई आल्यात. नेयाला या म्हणावं."