नात्यांचे रकाने

गेल्या दिवाळीत एका संस्थेचे शुभेच्छापत्र घरी आले. पाकिटावर ‘श्री. व सौ.’ आणि पुढे वडिलांचे नाव. वडील जाऊन दीड वर्ष झाले होते, आणि त्यांच्या स्मरणार्थ आईने देणगी दिली होती ती याच संस्थेला. आईने पाकीट उघडले नाही, पावतीच्या फाइलीत ठेवून दिले. संस्थेच्या यादीत आई आणि वडील या दोन सुट्या नोंदी असणार, आणि त्या एकमेकांच्या कोण हे संगणकाला कुणी सांगितलेले नसणार.

ते सांगण्याची सोय असते. अनेक स्वयंसेवी संस्था वापरतात त्या सिव्हीसीआरएम या संगणकप्रणालीत व्यक्ती, कुटुंब आणि संस्था अशा तीन मूळ प्रकारच्या नोंदी असतात आणि त्या जोडायला नात्यांचे प्रकार. प्रत्येक प्रकाराला दोन नावे द्यावी लागतात, एक इकडून आणि एक तिकडून: ‘पालक’ आणि ‘अपत्य’, ‘नोकरी देणारा’ आणि ‘नोकरी करणारा’. काही प्रकार तयार मिळतात, बाकीचे आपण घडवायचे. वाद सुरू होतो तो इथे.

कार्यालयातल्या जुन्या कार्यकर्त्याला सगळी नाती हवी असतात. मामा, आत्या, साडू, विहीण. त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्याकडे देणगी पुष्कळदा ओळखीतून येते. कुणाचे साडू कोण हे त्याला तोंडपाठ असते, आणि तो निवृत्त झाला की ते ज्ञान त्याच्याबरोबर जाते. शिवाय ‘सिबलिंग’ या तयार प्रकारात थोरला-धाकटाही कळत नाही, मग सख्खा-चुलत कुठून कळणार?

संगणक सांभाळणाऱ्या मुलीला मात्र पाच-सहा प्रकार पुरे वाटतात. माझा कल तिच्याकडे आहे. यादीत ‘भाऊ’, ‘सख्खा भाऊ’ आणि ‘चुलत भाऊ’ असे तीन पर्याय ठेवले, तर एकच नाते तिघे जण तीन ठिकाणी नोंदवतात आणि शोधताना दोन निसटतात. नोंदवल्याने पत्र, पावती किंवा फोन यांतले काही बदलत असेल तरच वेगळा प्रकार करावा. साडू असल्याने काही बदलत नाही. ते शेऱ्यात लिहावे. कार्यकर्त्याचे ज्ञानही टिकते आणि यादीही आटोपशीर राहते.

काही गोष्टी तर नात्याच्या रकान्यातल्या नसतातच. मुलाने वडिलांच्या स्मरणार्थ पैसे दिले, तर ‘स्मरणार्थ’ ही त्या देणगीची गोष्ट आहे. बाप-लेकाचे नाते एकदाच नोंदवायचे. स्मरणार्थ देणगी तो दर वर्षी देईल, किंवा पुढच्या वर्षी आजीच्या नावाने देईल. सिव्हीसीआरएममध्ये त्यासाठी देणगीलाच जोडलेले श्रेय नोंदवता येते. ही गल्लत पैशाच्या हिशेबातही भोवते. 2021-22 या आर्थिक वर्षापासून कलम 80जीची मान्यता असलेल्या संस्थांना देणगीदारांचे विवरण फॉर्म 10बीडीमध्ये द्यावे लागू लागले. करसवलत मागणार तो पैसे देणारा मुलगा. स्मृतीतले वडील त्या विवरणात आले तर मुलाची वजावट अडकते.

कंपन्यांचे प्रकरण सोपे आहे, फक्त शिस्त लागते. 2013च्या कंपनी कायद्यातल्या कलम 135मुळे सीएसआरचा पैसा येऊ लागला, पण संस्था ओळखते ती तिथल्या एखाद्या अधिकाऱ्याला. तो कंपनी बदलतो. तेव्हा जुने नाते पुसू नये, त्याला शेवटची तारीख द्यावी. नव्या कंपनीशी नवे जोडावे.

‘कुटुंबप्रमुख’ हा प्रकार मात्र मला खटकतो. सवयीने तिथे कर्त्या पुरुषाचे नाव पडते. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातली सर्वांत वडील प्रौढ स्त्री कुटुंबप्रमुख मानली, देणगीदारांच्या याद्या अजून मागेच आहेत. घराला एकच पत्र जावे एवढाच हेतू असेल, तर ‘घरातील व्यक्ती’ एवढे पुरते.

आणखी एक अडचण आहे. नाते सांगणारा एक असतो, नोंद दोघांची होते. काकाने सहज फोनवर पुतणीचे नाव आणि नोकरी सांगितली. पुतणीला कुणी विचारले? 2023चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या संमतीला महत्त्व देतो, आणि तो नसता तरी हे बरे नव्हतेच. पुतणी स्वतः संस्थेशी जोडली जाईपर्यंत तिची नोंदच उघडू नये. त्यात एखादी मोठी देणगी हुकेल, तर हुको.

राहिला आईचा प्रश्न. काही संस्था जोडीदार गेला की ‘पती-पत्नी’ या नात्याला शेवटची तारीख भरतात, म्हणजे जोडपत्र थांबते. ते काम दुसऱ्या खुणेनेही होते: व्यक्तीच्या नोंदीवर ‘मृत’ असे नोंदवायची सोय आहे, ती वापरली की त्या नावाने पत्र निघत नाही. नात्याचा शेवटच्या तारखेचा रकाना रिकामा ठेवता येतो. घटस्फोटाला ती तारीख योग्य आहे. आईच्या नोंदीत मी ती भरू देणार नाही.