वेळ कुठून आणायचा?
सकाळी पुण्यात खराडीतल्या सोसायट्यांच्या गेटशी पोरांना स्कूलबसमध्ये बसवणाऱ्या आया बघा. त्यातल्या कितीतरी जणी थोड्याच वेळात तिथल्याच इऑन किंवा वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसणार असतात. खाली क्लबहाउसात जिम असते, पण तिथे जायला तास कुठून आणायचा? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. २०२० मध्ये तिने सलग दहा मिनिटांची जुनी अट काढली, हे बरंच झालं. बस गेल्यावर लिफ्ट टाळून भराभर चढलेले चार मजलेही आता हिशेबात येतात. ‘घरात राबते तोच व्यायाम’ हे मात्र मला पटत नाही. म्हणणारे बहुधा सोफ्यावर असतात. केर-फरशीने बाई दमते, पण ताकदीसाठी बैठका काढायला हव्यात, वजन उचलायला हवं. आणि चढताना धाप लागली तर आधी हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. राहिला वेळेचा प्रश्न. २०१९ च्या केंद्रीय वेळ-वापर पाहणीनुसार स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषाची ९७. तेव्हा बाबा लोकहो, उद्यापासून सकाळचे डबे तुम्ही भरा.