आजारी मूल, शाळा आणि आपण सभासद



या पानावर एरवी आम्ही खोडव्याची निगा, बेणेबदल, हुमणीचा बंदोबस्त असल्या विषयांवर लिहितो, आणि आपण ते वाचता. निदान वाचल्याचे आम्हांस सांगता तरी. या वेळी विषय निराळा आहे. शाळेत शिकणारे आजारी मूल, हा तो विषय. शेतकी खात्याच्या माणसाने शाळेत कशाला नाक खुपसावे, असे काही जण म्हणतील. म्हणोत बापडे. गेल्या हंगामात जे डोळ्यांनी पाहिले ते मनातून जात नाही, म्हणून लिहीत आहोत.

डिसेंबरातली गोष्ट. एका गटात तोडणी कार्यक्रमावरून कुरबूर होती, ती मिटवायला आम्ही आणि आमचे ओव्हरसीअर गेलो होतो. प्लॉट शाळेला लागूनच. कुंपणापलीकडे मुलांची कवायत चालली होती. एकाएकी गलका झाला. सातवीतली एक मुलगी मट्‌कन खाली बसली होती. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, विचारावे एक आणि ती सांगे भलतेच. कोणी म्हणाले, ऊन लागले. डिसेंबरात सकाळी नऊ वाजता कसले ऊन! कोणी म्हणाले, उपास असेल. एक जण कांदा आणायला धावला. तेवढ्यात तिच्या मैत्रिणीने आमच्याजवळ येऊन हळूच सांगितले, "सायब, ती रोज सुई घेती. कुणाला सांगू नको म्हणलीया."

आमच्या घरात मधुमेह आहे, त्यामुळे काय ते उमगले. साखर मागितली. शाळेत साखर नव्हती! ज्या गावात दिवाळीला घरोघर सभासद साखर येते, ज्या शाळेच्या पटांगणातून कारखान्याचे धुराडे दिसते, त्या शाळेच्या कपाटात खडू होते, नकाशे होते, निवडणुकीचे जुने कागद होते. साखर तेवढी नव्हती. पोषण आहाराच्या बाई अजून यायच्या होत्या. शेवटी एका पोराने समोरच्या घरातून वाटी आणली. पोरगी शुद्धीवर होती, गिळू शकत होती, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात कालवून घोट घोट पाजली. पाव तासात डोळे स्थिर झाले. मग ती रडू लागली. दुखत होते म्हणून नव्हे. आता सगळ्या वर्गाला कळले म्हणून.

संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. आजोबा जुने सभासद, वार्षिक सभेत पुढच्या रांगेत बसणारे. त्यांनी चहा सांगितला, पण आजीने तोंड फिरवले. "सायब, गावभर झालं की आता. पोरीचं लगीन कसं हुईल?" वडिलांनी मागची हकिकत सांगितली. आजार निघाला तेव्हा मुलगी दुसऱ्या शाळेत होती. कोणत्या ते आम्ही लिहीत नाही. तिथे त्यांनी सरळपणे सगळे सांगितले, तर उत्तर मिळाले की, आमच्यावर जबाबदारी नको, बरी झाली की आणा. आता हा आजार 'बरी झाली की' या जातीचा नाही. दोन महिने मुलगी घरी बसली. मग नाव काढून या शाळेत घातले आणि इथे कोणाला काही सांगितलेच नाही. त्या दिवशी सुई नेहमीसारखी घेतली, पण उशीर झाला म्हणून अर्धीच भाकरी खाल्ली, आणि वर कवायत. साखर उतरणारच.

आमचे मत असे की, या प्रकरणात घर लपवते म्हणून शाळा घाबरते आणि शाळा घाबरते म्हणून घर लपवते. दोघांनाही दोष देऊन मोकळे होता येईल, पण पहिली चूक आम्ही शाळेच्या पदरात घालतो. आईबापाने सांगितले आणि त्याची शिक्षा पोरीला झाली, तर दुसऱ्या वेळी कोण सांगेल? शिवाय 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलाला आठवी पुरी होईतो शाळेतून काढता येत नाही. 'घरी ठेवा' असे तोंडी सांगणे म्हणजे कागदावर न काढता काढणेच झाले.

या आजाराविषयी दोन शब्द लिहितो, कारण गैरसमज फार. मुलांना बहुधा होणारा मधुमेह तो पहिल्या प्रकारचा. शरीराची राखण करणारी यंत्रणाच उलटते आणि स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते. पाटाला पाणी भरपूर, पण सरीचे दार उघडणारा माणूस नाही, तशी गत. रक्तात साखर साचते आणि अंग उपाशी राहते. गोड खाल्ल्याने तो होत नाही, शेजारी बसल्याने लागत नाही, कारल्याच्या रसाने जात नाही. इन्शुलिन बाहेरून द्यावे लागते आणि जन्मभर द्यावे लागते. 1921 साली कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी ते शोधले आणि 1922 च्या जानेवारीत ज्याला ते पहिल्यांदा टोचले तो 14 वर्षांचा मुलगा होता. त्याआधी अशी मुले फार जगत नसत. आज ती शिकतात, खेळतात, नोकरी करतात, संसार करतात. आजीला आम्ही हेच सांगितले. पटले असे वाटले नाही.

शाळेने करायचे ते मात्र अगदी थोडे आहे. अशा मुलाला तासाला डबा खाऊ द्यावा, लघवीला जाऊ द्यावे, सुई घ्यायला आडोशाची स्वच्छ जागा द्यावी, खेळातून वगळू नये पण खेळाआधी खायला सांगावे. साखर 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, भूक, चिडचिड, बरळणे ही लक्षणे दिसतात. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटे पाहावे, फरक नसेल तर पुन्हा द्यावी आणि मग जेवू घालावे. त्याला एकट्याला घरी पाठवू नये. मूल बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवावे आणि 108 ला फोन करावा. उन्हाळ्यात इन्शुलिनची बाटली तापू देऊ नये. फ्रीज नसेल किंवा वीज गेली असेल तर बाटली प्लॅस्टिकच्या घट्ट डबीत घालून ओल्या वाळूवरच्या मातीच्या मडक्यात ठेवतात. बर्फात मात्र घालू नये, गोठले की ते वाया जाते.

हे आमच्या पदरचे नाही. केंद्रीय परीक्षा मंडळाने 2017 साली अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी जवळ ठेवण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने 2023 साली सर्व राज्यांना लिहिले की, या मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, सुई घेऊ द्यावी, मधल्या वेळी खाऊ द्यावे. कागद निघाला, पण आपल्या वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेपर्यंत तो पोचला का? त्या शाळेतील गुरुजींना आम्ही विचारले, त्यांनी तो पाहिलेला नव्हता.

गुरुजींची बाजूही ऐकली पाहिजे. दोन शिक्षक, चार-पाच वर्ग, माहित्या भरणे, पोषण आहाराचा हिशेब. त्यात पोराचे काही बरेवाईट झाले तर गाव आधी त्यांचीच कॉलर धरणार. "साहेब, मी डी.एड. झालोय, डॉक्टर नाही," असे ते म्हणाले, त्यात खोटे काय? त्यांनी सुई टोचावी असे आमचे म्हणणे नाही. आईबापाने डॉक्टरांकडून एक कागद लिहून आणावा: आजार कोणता, लक्षणे कोणती, प्रथम काय करावे, काय करू नये, फोन कोणाला लावावा. खाली आईबापाची सही. एवढा कागद हाती असला की गुरुजींचा निम्मा घोर जातो.

गट ऑफिसात आपल्या प्रत्येक प्लॉटची नोंद असते. लागण तारीख, जात, क्षेत्र, विहीर की पाट, सारे. को 86032 चा कोणता प्लॉट कोणत्या आठवड्यात तोडायचा हे आमचा स्लिपबॉय पाठ म्हणून दाखवतो. त्याच गावात कोणत्या मुलाला फीट येते, कोणाला दमा आहे, हे शाळेच्या एकाही रजिस्टरात सापडत नाही.

फिटचे तर विचारू नका. अजूनही आपल्याकडे कांदा हुंगवतात, चपलेचा वास देतात, दातखिळीत चमचा घालतात. चमच्याने दात पडतात, श्वास अडतो. आजूबाजूच्या वस्तू बाजूला कराव्या, मुलाला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. फीट पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना.

दम्याच्या बाबतीत आमचाही कान पिळला पाहिजे. फड तुटला की पाचट पेटवायचे, ही सवय किती वर्षे सोडा म्हणून सांगतो आहोत. जमिनीसाठी सांगतो, सेंद्रिय कर्बासाठी सांगतो. पण शाळेच्या बांधाला लागून पाचट पेटले की वर्गातल्या दमेकरी पोराची छाती भरते, हे आजवर आम्ही एकाही मेळाव्यात बोललो नाही. आणि धुराड्याची काजळी हंगामात पटांगणात पडते, ती काही सभासदांनी पाडलेली नाही. हे कारखान्याच्या पत्रात छापू देतील ना, अशी शंका होती; छापले गेले असेल तर संचालक मंडळाचे आभार. दम्याच्या पोराचा पंप त्याच्या दप्तरातच असू द्यावा. मुख्याध्यापकांच्या कुलुपातला पंप वेळेला उपयोगी पडत नाही.

दुसऱ्या एका गावाने बरे केले तेही लिहितो. ट्रॅक्टर ट्रॉलीवरून पडून एका मुलाचा पाय मोडला. प्लॅस्टर दोन महिने, वर्ग माडीवर. गुरुजींनी काय केले, माडीवरचा वर्गच तेवढ्यापुरता खाली आणला. पैसा लागला नाही, ठराव लागला नाही. पोरगं एक दिवस मागे पडलं नाही.

आता मुद्दा आपल्या सभासदांचा. प्रत्येक शाळेची व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक, आणि निम्म्या महिला. आपल्या कार्यक्षेत्रात हे पालक कोण? आपणच, आपल्या सुना, आपल्या लेकी. पण सभेचे रजिस्टर घरी येते आणि चहाबरोबर सही होऊन जाते. ती सभा एकदा शाळेत बसून भरवा. आजारी मुलांची नोंदवही करायचा विषय घ्या, ती वही गुरुजींच्या कपाटात बंद ठेवा, म्हणजे गावभर बोभाटा होणार नाही. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत मुले तपासायला येते आणि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी देते. ती चिठ्ठी किती घरांत फोटोच्या मागे खोचलेली आम्ही पाहिली आहे! समितीने निदान एवढे विचारावे की चिठ्ठ्या किती निघाल्या आणि दवाखान्यात किती मुले पोचली.

आणि फडावरची पोरे. बीडकडून टोळी येते तेव्हा पोराबरोबर शिक्षण हमी कार्ड आले तर ते पाहून शाळा त्याला बसवून घेते. पण गावच्या दवाखान्याचा कागद, गोळ्यांचे नाव, काहीच बरोबर नसते. करार करायला आमची माणसे जातात, तेव्हाच मुकादमाला सांगून कोणाच्या पोराला औषध चालू आहे हे लिहून घ्यावे, असे आम्ही शेतकी खात्याच्या बैठकीत मांडले आहे. ओळीला एक रकाना वाढेल, इतकेच.

त्या मुलीची सातवीची परीक्षा झाली. शाळेत आता साखरेची बरणी आहे, गुरुजींनी स्वतःच आणली. मैत्रिणी डबा खायची आठवण करतात. जूनमध्ये ती हायस्कूलला जाईल, आणि तिथे सांगायचे की नाही यावर घरात अजून एकमत नाही. आजी नको म्हणते. वडील सांगू म्हणतात, पण मागचा अनुभव आठवून कचरतात. मुलगी म्हणते, मीच सांगीन. वडिलांनी आम्हांस विचारले आहे, शाळा उघडेल त्या दिवशी मुख्याध्यापकांना भेटायला बरोबर याल का म्हणून. आम्ही हो म्हटले आहे. बेणेमळ्याची पाहणी त्या दिवशी ओव्हरसीअर करतील.