समतेचे प्रमाणपत्र

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी संमत केला. नाव प्रत्यक्षात आले ते 14 जानेवारी 1994 रोजी. दरम्यान दलितांची घरे जळाली, माणसे प्राणास मुकली. एका नावासाठी जिथे एवढी किंमत मोजावी लागली, तिथे प्राध्यापकांचे मन दोन दिवसांच्या व्याख्यानांनी पालटेल असे मानणे ही आत्मवंचना होय. तरीही समतेचे प्रशिक्षण बहुधा असेच उरकले जाते. हजेरीची सही, व्याख्यान, चहापान आणि पदोन्नतीच्या कामी येणारे प्रमाणपत्र!

बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घर सोडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. अशा घरातील मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात आली, की हजेरीपटावर ती ‘गैरहजर’ ठरते, अंतर्गत गुणांत मागे पडते आणि शेवटी ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा मिळवते. शेरा मारणारे प्राध्यापक दुष्ट नसतात. व्याख्यानात त्यांनीही मान डोलावलेली असते. म्हणूनच हा अन्याय कोणाला दिसत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या विनियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्यास सांगितले. पण कागदावरच्या कक्षाने काय साधणार? सक्तीच्या व्याख्यानांपेक्षा जबाबदारी निश्चित करण्याचा परिणाम अधिक होतो, असे फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या समाजशास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसून आले आहे. म्हणून प्रशिक्षणात प्राध्यापकांसमोर त्यांच्याच विभागाची दप्तरे उघडावीत. हजेरी कोणाची तुटली? लेखी परीक्षेत बरे गुण मिळवणारा तोंडी परीक्षेत का घसरला? शिक्षण कोणी सोडले? त्यावर उपाय ठरवावा, तो कोण करणार हे नावानिशी लिहावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासावे.

‘याने गुणवत्ता घसरेल’ ही ओरड ठरलेलीच. परंतु इथे कोणी फुकट गुण मागत नाही. परीक्षा तीच राहावी. बुडालेले तास भरून काढण्याची सोय मात्र व्हावी, एवढेच मागणे आहे.

वाचकहो, चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील याजक आणि लेवी यांना नियमशास्त्र ठाऊक नव्हते काय? ज्ञानात ते उणे नव्हते. ते थांबले नाहीत, एवढाच त्यांचा दोष. शोमरोनी थांबला, जखमा बांधल्या आणि खर्चाची हमीही दिली. आपणही स्वतःला निर्दोष समजू नये. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेतील जातिभेदाची कबुली दिली आहे. तेव्हा आपल्या धर्मग्रामातील प्राध्यापकांनी पुढच्या प्रशिक्षणाहून परतल्यावर प्रमाणपत्र बाजूला ठेवावे आणि आपल्या वर्गाचा हजेरीपट उघडावा.